अजून वाजतंय

"माक, तो इंडिकेटर बंद कर ना गं. कधीचा वाजतोय," माझी लेक दुमा म्हणाली.

मी आधी तिच्याकडे पाहिलं, मग समोर. काट्यांच्या शेजारी हिरवा बाण उघडझाप करत होता. केळ्यांचे घड लादलेल्या एका तीनचाकीला ओलांडताना मी तो लावला होता, आणि ती तीनचाकी तर सिम्पांग लिमुनच्या बाजारापाशीच मागे राहिली होती. आता आम्ही स्टेडियमपर्यंत आलो होतो. म्हणजे एवढा वेळ मी भर मेदान शहरात वळते वळते म्हणत सरळ चालले होते आणि मागचे सगळे माझ्या नावाने बोटं मोडत होते. मी दांडी ढकलली, बाण विझला. "वाजत कुठे होता?" मी म्हणाले. "या गाडीचे स्पीकर कामातून गेलेत." तोंडातून निघूनच गेलं ते. या नव्या गाड्यांत टिकटिकसुद्धा खरी नसते. पट्टा न लावल्याची किणकिण, गाडी मागे घेतानाची पीपपीप, सगळं कंपनीच्या म्युझिक सिस्टीमच्या डब्यातून निघतं आणि पुढच्या स्पीकरमधून येतं, असं होतासीने, माझ्या थोरल्याने, गाडी घेतानाच सांगितलं होतं. तेव्हा स्पीकरला दोष देण्यात तसं काही खोटं नव्हतं. दुमाने माझ्याकडे अख्खं तोंड वळवलं, काहीतरी बोलणार होती, पण नुसतीच "बरं" म्हणाली. ते बरं मी तिच्या ओठांवर पाहिलं. 

घरी आल्यावर मी स्वयंपाकघरात एकटीच उभी राहिले आणि नळ अगदी बारीक सोडला. धार दिसत होती. चमचा ओट्यावर आपटला तर ठक्‌ असा आवाज आला, पण त्या ठकच्या मागून जी एक बारीक किण्ण यायला हवी ती आली नाही. चमचाच तसला असेल म्हणून दुसरा घेतला. मग तिसरा. भिंतीवर पाल होती, दिव्याजवळची, रोजचीच. तिचा गळा हलत होता आणि आवाज नव्हता. मनातली पाल मात्र चुकचुकायची थांबेना. मी स्वतःला म्हटलं, रुमोंदांग, चोपन्न वर्षांची बाई तू, नातवंडं यायची वेळ झाली, जरा कान जड झाला म्हणून काय आभाळ कोसळलं? पण कोसळलंच होतं. आणि कळणार तरी कसं आधी? आम्ही बाताक माणसं. आमच्यात "मीठ दे" हेसुद्धा भांडण काढल्यासारखं म्हणतात. माझा नवरा पाम तेलाच्या मळ्यावर कामाला, पंधरवड्याने घरी येतो. तो तिकडून फोनवर बोलतो तेव्हा फोनची गरज काय, असं शेजारीण विचारते. चर्चबाहेर दोन बायका एकमेकींना मायेने काय गं, कशी आहेस विचारत असल्या तर परगावच्या माणसाला वाटेल आता झिंज्या उपटणार. अशा ओरडणाऱ्यांच्या गोतावळ्यात एखाद्याचा कान गेला तर त्याचा त्याला पत्ता लागत नाही. सगळं ऐकू येतच असतं की! वर्ष गेलं, दोन वर्षं गेली, आणि शेवटी चोरी पकडली कुणी, तर एका इंडिकेटरने.

वडिलांचंही असंच झालं होतं. बालिगेला, तळ्याकाठी, एका लग्नात ते नवऱ्यामुलाच्या बाजूचे बोलणारे होते. आमच्यात लग्न लागतं ते बोलण्याने. या बाजूच्या वडीलधाऱ्याने उभं राहून आशीर्वादाच्या जोडओळी म्हणायच्या, जमलेल्यांनी प्रत्येक जोडीला "इमा तुतु!" म्हणजे "तसंच होवो!" असा गजर करायचा, मग त्या बाजूच्याने उत्तर द्यायचं. मुलीकडचे बोलणारे आजोबा फार म्हातारे होते, त्यांचा आवाज पार बसला होता आणि मध्येमध्ये ते थांबत. असेच ते थांबले आणि पुन्हा हळू आवाजात सुरू झाले, आणि माझे वडील उठले. खांद्यावरची उलोसची शाल सारखी केली आणि आपल्या त्या भरदार आवाजात उत्तर द्यायला लागले. समोर तो म्हातारा बोलतोच आहे, त्याचे ओठ हलताहेत, आणि त्याच्या अंगावर माझ्या वडिलांचा आवाज. मी अकरा-बारा वर्षांची असेन, आईच्या मांडीला टेकून बसले होते. आईच्या मांडीचा ताठरपणा अजून माझ्या पाठीला आठवतो. कुणी "इमा तुतु" म्हटलं नाही. मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. त्यानंतर वडिलांना लग्नाला बोलावत, पुढच्या चटईवर बसवत, पण बोलायला कुणी सांगत नसे. आमच्यात मानाचे वाटे दोन, एक मांसाचा आणि एक बोलण्याचा. मांसाचा वाटा त्यांना शेवटपर्यंत बिनचूक मिळाला. घरी आणून ते तो आईपुढे ठेवत आणि स्वतः खात नसत.

माझा बोलण्याचा वाटा म्हणजे आमच्या चर्चमधल्या बायकांचं गायन मंडळ. मला सगळे माक होतासी म्हणतात, होतासीची आई. पहिलं मूल झालं की बाईचं स्वतःचं नाव जातं ते जातंच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मंडळाच्या छापील कार्यक्रमपत्रिकेवर दरवर्षी माझं नाव येतं, रुमोंदांग, सूर आणि दिग्दर्शन. तेवढ्या एका कागदावर मी कुणाची आई नसते. येत्या रविवारी चर्चची ज्युबिली होती, दुरून दुरून माणसं येणार होती, आणि गेले दोन महिने मी वरच्या सुरातल्या बायकांच्या मागे हात धुऊन लागले होते. "आवाज कुठे गेला? सकाळी काय गिळलंत? तोंडं उघडा!" त्या उघडत. "अजून! वर! मला काही ऐकू येत नाही!" हे मी म्हणाले होते, याच शब्दांत, पंचवीस बायकांसमोर, आणि वर मलाच त्यांचा राग आला होता. माक बोनार, जिला माझ्या जागेवर उभं राहायची केव्हाची हौस, ती हल्ली गाण्याचं पुस्तक तोंडासमोर धरून शेजारणीशी बोलायची. मला वाटे, मेलीला माझ्याविषयी बोलायचं असतं म्हणून लपवते. आता नळासमोर उभं राहून मला कळलं की तिने पुस्तक धरलं की माझ्या जिवाची घालमेल का व्हायची. तिचे ओठ दिसत नसत.

तरीपण मन मोठं वकिली. दुमा कायदा शिकते, पण युक्तिवाद माझ्याकडून घेतलाय तिने. कान गेला हे सिद्ध कुठे झालंय? स्पीकर खराब असू शकत नाहीत? सात वर्षांची गाडी, मेदानची धूळ, आणि चर्चच्या हॉलचं छत तर पत्र्याचं. नाचता येईना अंगण वाकडं, असं लोक म्हणतात, पण एखाद्या वेळी अंगण खरंच वाकडं नसतं का? बघून तर घेऊ. गुरुवारी दुमा कॉलेजला गेल्यावर मी गाडी काढली आणि रेल्वे फाटकाजवळच्या को लिओंगच्या गाडीच्या स्पीकरांच्या दुकानात नेली. को म्हणजे चिनी लोकांतला दादा.

"इनांग, या या!" को लिओंग आमच्यातल्या सगळ्या बायकांना आमच्याच भाषेत इनांग, म्हणजे आई, म्हणतो, धंद्याची रीत. माझ्याच वयाचा, पोट सुटलेलं, तोंडाचा पट्टा सतत चालू. "गाडी लेकाची की स्वतःची?"

"माझी. का, चोरून आणल्यासारखी दिसते?"

"तसं नव्हे हो! बायामाणसं सहसा आवाज कमी करायला येतात, नवऱ्याच्या गाडीचा." त्याने हात झटकून एक भला मोठा पडदा दाखवला. "हा बसवू? सिनेमा चालतो, कराओके चालतं, अख्खं गायन मंडळ गाडीत भरा."

"कंपनीचा डबा आहे तोच राहील. बाकी काय बदलायचं ते बदला. स्पीकर, तारा, अजून काय असेल ते. त्या डब्याला मात्र हात लावायचा नाही."

"अहो, पण चोर आहे तो! तुम्ही आवाज वाढवलात की तो गुपचूप खालचे सूर कापतो, कंपनीचे कागदी स्पीकर फाटू नयेत म्हणून. नवी सून आणायची आणि चूल जुन्या सासूच्याच हातात?"

"सासूला राहू द्या, को. टिकटिक, पीपपीप सगळं तिच्या पोटात आहे."

"ते खरं," तो डोकं खाजवत म्हणाला. "सासूचं पोट मोठं. मग मध्ये एक छोटी पेटी बसवतो. डब्याने जे कापलं ते ती पेटी भरून काढेल."

खरं कारण मी त्याला कशाला सांगू? एक बदलायचं आणि एक तसंच ठेवायचं, म्हणजे गुन्हेगार कोण ते कळतं. मंडळात सूर बिघडला की मी असंच करते. एकीला गायला लावते आणि बाकीच्यांना गप्प. डबा तोच, टिकटिक तीच. स्पीकर नवे झाल्यावर ती टिकटिक ऐकू आली तर दोष गाडीचा. नाही आली तर. त्या नाहीच्या पुढे मी जात नव्हते. प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून गोड चहा पीत होते आणि तो माझ्या गाडीचे दरवाजे सोलत होता. आतून दरवाजा म्हणजे नुसता पत्रा, भोकं आणि लोंबत्या तारा. त्यावर त्याने काळा चिकट थर बोटांनी दाबून दाबून बसवला, पत्रा थरथरू नये म्हणून. त्याने कंपनीचा जुना स्पीकर माझ्या हातात दिला. खरंच कागदी होता, कडेने विरलेला. अगबाई! मला इतका आनंद झाला की मी तो स्पीकर मांडीवर घेऊन बसले. "फाटलाय ना?" मी तीनदा विचारलं. "फाटलाय, इनांग, फाटलाय," तो म्हणाला, "बारसं करायचंय का त्याचं?" मी खूप हसले. बऱ्याच दिवसांनी एवढी हसले असेन.

दुपार कलल्यावर त्याने मला चालकाच्या जागेवर बसवलं. टेप घेऊन प्रत्येक स्पीकरपासून माझ्या कानापर्यंतचं अंतर मोजलं. जवळचा आवाज जरा थांबवून सोडायचा, म्हणजे सगळं एकदम पोचतं, गाणारी बाई काचेसमोर उभी आहे असं वाटतं म्हणे. मग स्वतः शेजारी बसला, दारं लावली. "आता एक सूर सोडतो. खालून वर जाईल. संपला की सांगा." आणि सुरू झालं. आधी तळपायात गुरगुर, मग पोटात, मग छातीत, आणि मी डोळे मिटले, कारण हे तर माझ्या घरचंच होतं. सूर असाच चढतो माणसात, छातीतून गळ्यात, गळ्यातून कपाळात. कपाळाशी तो बारीक झाला, केसासारखा झाला, आणि तुटला. मी डोळे उघडून त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तोंड स्वस्थ होतं. मंडळाला थांबवते तशी मी मूठ मिटली. "संपला," मी म्हणाले.

तो माझ्याकडे बघतच राहिला.  मग हळू म्हणाला, "इनांग, अजून वाजतंय."

"काय वाजतंय? तुमचं डोकं वाजतंय! कसले भुक्कड स्पीकर लावलेत हे? बाई बघितली आणि गळ्यात मारलेत. माझा नवरा आला म्हणजे सांगते तुम्हाला." मी ओरडत होते आणि तो सूर, मला ऐकू न येणारा, त्या बंद गाडीत आमच्या दोघांच्या मध्ये वाजत होता. माझे वडील उभे होते, शाल सारखी करत. त्यांना समोरचे ओठ हलताना दिसले नसतील का? दिसले असतील. मला आज पहिल्यांदा वाटलं की त्यांना दिसले होते, आणि तोवर बोलायला सुरुवात झालेली होती, आणि मध्येच थांबणं जास्त लाजिरवाणं होतं. मी थांबले. पदर नसतो आमच्यात, नाहीतर तोंडावर घेतला असता. को लिओंगने सूर बंद केला असावा, कारण त्याने फोनवरून बोट फिरवलं.

"गाडीतून येतात वरचे सूर," तो म्हणाला, माझ्याकडे तोंड करून, सावकाश. "तुमच्यापर्यंत पोचत नाहीत. कानाच्या डॉक्टरकडे जा, इनांग. यंत्र मिळतं."

"कुणाला सांगू नका."

"मी स्पीकर विकतो. बातम्या नाही विकत." मग तो त्या छोट्या पेटीशी बराच वेळ खुडबुड करत बसला. वरचे सूर वाढवत गेला, मला विचारत गेला, येतोय? आता? आणि जसजसं मी हो म्हणत गेले तसतसा त्याचा एक डोळा आपोआप मिटायला लागला, लिंबू चावल्यासारखा. शेवटी त्याने स्टिअरिंगखाली एक बटण बसवलं. "एक तुमच्यासाठी, दोन बाकीच्यांसाठी. शेजारी कुणी बसलं की दाबायचं. कुणाला कळणार नाही."

दुकानातून बाहेर पडून मी इंडिकेटर लावला. टिक. टिक. टिक. स्वच्छ, कोरडी, सुपारी फोडल्यासारखी. मला रडूच कोसळलं. गाडी कडेला घेतली आणि फोनवरची आमच्या मंडळाची मागच्या तालमीची ध्वनिफीत लावली. दर तालमीला मी ती घेते आणि घरी ऐकते. ऐकते असं समजते. पहिल्यांदा श्वास ऐकू आले, पंचवीस बायकांचे, मग शब्दांच्या कडा, आणि मग वरचा सूर आला आणि मी घाबरून स्टिअरिंग धरलं. ते गाणं नव्हतंच. त्या बायका किंचाळत होत्या. घसे फाटेपर्यंत, माझ्यासाठी. त्यांच्यातच गाणाऱ्या दुमाचा आवाज मी ओळखला, लहानपणी इतका गोड होता की पाद्रीबाबा थांबून ऐकत, तो आता घोगरा, खरवडलेला होता. आणि वर मी, "अजून! वर! मला काही ऐकू येत नाही!" मग शांतता. मग माक बोनारचा आवाज, पुस्तकाआडचा, "बहिरी झालीय ही. सांगायचं कुणी तिला?" कुणीतरी फिस्सकन हसलं. आणि मग दुमा, "माझ्या आईला एक शब्द बोलायचा नाही. ती म्हणतेय ना वर? मग वर गा." आणि त्या पुन्हा किंचाळायला लागल्या. म्हणजे तिला ठाऊक होतं. किती दिवसांपासून? हल्ली ती माझ्याशी बोलताना अख्खं तोंड माझ्याकडे वळवायची, हातातलं काम टाकून. मला वाटायचं, पोरगी मोठी झाली, माया कळायला लागली तिला.

रविवारपर्यंत मला झोप अशी लागलीच नाही. बटण दोनवर ठेवायचं, ज्युबिली तेवढी पार पाडायची, मग बघू. एका रविवाराने काय होतंय? हेच मी घोकत होते. पत्रिका छापून आली होती, त्यात माझं नाव होतं. सकाळी दुमा शेजारी येऊन बसली, निळा केबाया घातलेला, मांडीवर खोकल्याच्या गोळ्यांची डबी. माझा अंगठा बटणावर गेला. तिने तोंडात गोळी टाकली आणि घसा खाकरला. मी अंगठा काढून घेतला. गल्लीच्या तोंडाशी इंडिकेटर लावला आणि ती दचकलीच, दोन्ही हात कानांवर.

"माक! हे काय गं? कान फाटले माझे!" मग तिची नजर स्टिअरिंगखालच्या त्या बटणावर गेली, त्यातल्या पेटलेल्या एक या आकड्यावर गेली, आणि माझ्यावर आली. "तुला एवढं लागतं?"

"एवढं लागतं."

तिने कानांवरचे हात काढले आणि मांडीवर ठेवले.  चर्चपर्यंतच्या प्रत्येक वळणावर ती टिकटिक व्हायची आणि तिचे डोळे मिटायचे, पण हात काही पुन्हा वर गेले नाहीत. चर्चच्या फाटकाशी गर्दी होती, उलोस घेतलेली माणसं, मोठमोठ्याने एकमेकांची चौकशी करणारी. आत वळायला जागा नव्हती म्हणून मी थांबले, आणि पर्समधून सूर द्यायची गोल शिट्टी काढून तिच्या हातात ठेवली. ती शिट्टी माझ्या आधी माझ्या गुरूंकडे होती. 

"आजपासून सूर तू द्यायचास. हात मी करीन, हातांना काही झालेलं नाही माझ्या. तुमचा सूर नको तेवढा चढला की तू मला डोळ्यांनी सांगायचंस. आणि वरच्या बायकांना सांग, ओरडायचं नाही. मी सांगितलं तरी नाही."

"आणि माक बोनार?"

"तिला मी सांगते, सगळ्यांच्या आधी. म्हणावं, पुस्तक तोंडावरून काढ, मला ओठ दिसत नाहीत."

दुमा हसायला गेली आणि तिला रडू आलं. शिट्टी तिने मुठीत घट्ट धरली. समोरची गाडी हलली, जागा झाली, तरी मी तशीच बसून होते. मागून कुणीतरी हॉर्न दिला.

"माक," ती माझ्याकडे तोंड वळवून म्हणाली, "इंडिकेटर चालूच आहे अजून."

"ठाऊक आहे," मी म्हणाले. "ऐकतेय मी."